परवानगी न विचारता कलेक्शनवाले माझा क्रेडिट रिपोर्ट कसे काय बघू शकतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पुण्याहून अमेरिकेत आलेले, आठ-नऊ वर्षं झाली, आता डॅलसजवळ घर घ्यायचं चाललंय, गेल्या महिन्यात बँकेकडून प्री-अप्रूव्हल (किती कर्ज मिळेल ह्याची आगाऊ मंजुरी) घेतलं आणि मग सहज म्हणून स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट (आपली कर्जं आणि ती कशी फेडली ह्याचा लेखाजोखा) काढून बघितला तर खाली इन्क्वायरीच्या, म्हणजे रिपोर्ट कुणी कुणी बघितला त्याच्या, यादीत एक भलतंच नाव. शोधलं तर कलेक्शन एजन्सी, म्हणजे थकलेली देणी वसूल करणारी कंपनी निघाली. "मी ह्यांच्याकडे काही अप्लाय केलं नाही, कुठे सही केली नाही, मग ह्यांनी माझा रिपोर्ट उघडलाच कसा, आणि मी केस करू शकतो का?"

आधी सांगतो, मी वकील नाही. न्यू जर्सीत कलेक्शनच्या धंद्यात सतरा वर्षं काढली, त्यातली पहिली चार फोनवर, म्हणजे ऐन जेवायच्या वेळेला फोन करून लोकांच्या शिव्या खाणारा तो मीच, आणि नंतरची सगळी कंप्लायन्समध्ये, म्हणजे फोनवरच्या पोरांनी कायदा मोडू नये म्हणून त्यांच्या मागे लागणारा. त्यामुळे दोन्हीकडून बघितलंय.

तर उत्तर असं की तुमची परवानगी त्यांना लागतच नाही. ऐकून चीड येते, मला माहितीये, पण कायदाच तसा आहे. १९७० चा फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट, त्याचं कलम ६०४. ह्या कलमात रिपोर्ट कुणाला आणि कशासाठी देता येईल ती कारणं दिलीत, त्यांना परमिसिबल पर्पज म्हणतात, आणि त्या यादीतलं कारण नसेल तर रिपोर्ट द्यायचा नाही आणि घ्यायचाही नाही. ग्राहकाची लेखी परवानगी हे त्यातलं एक कारण. पण एकच. दुसरं एक कारण आहे क्रेडिटच्या व्यवहाराचं, आणि तिथे एकाच वाक्यात तीन गोष्टी सांगितल्यात, नवीन क्रेडिट देणं, आधी दिलेल्या खात्यावर नजर ठेवणं, आणि खात्याची वसुली करणं. आपण सगळे समजतो की इन्क्वायरी म्हणजे आपण अप्लाय केल्यावरच होणारी गोष्ट, पण ती त्या तिघांतली फक्त पहिली झाली. वसुली हा शब्द कायद्याच्या पोटात पहिल्यापासून आहे, कुणी मागच्या दाराने घुसवलेला नाही.

गंमत म्हणजे नोकरी देणाऱ्याला तुमचा रिपोर्ट बघायचा असेल तर त्याला मात्र तुमची लेखी संमती घ्यावीच लागते. लोकांना हे उलटं वाटतं, ज्याच्याकडे आपण आनंदाने जातोय त्याने विचारायचं आणि जो आपल्या मागे लागलाय त्याने नाही? पण जरा सावकाराच्या बाजूला बसून बघा. नोकरी देणाऱ्याने तुम्हाला अजून काहीच दिलेलं नाही, त्याचे पैसे अडकलेले नाहीत. कलेक्शनवाला ज्याच्या वतीने उभा आहे त्याचे पैसे आधीच तुमच्याकडे आहेत (निदान तसा त्याचा दावा आहे). आणि वसुलीसाठी कर्जदाराची परवानगी लागली असती तर ती दिली कुणी असती हो? मी तरी दिली नसती.

थोडं जुनं सांगतो कारण त्याशिवाय हे पटत नाही. अमेरिकेत क्रेडिट ब्युरो कायद्याने जन्माला घातले नाहीत, ते व्यापाऱ्यांनी काढले. गावातले दुकानदार उधारीवर माल द्यायचे, मग कोण फेडतो आणि कोण बुडवतो ह्याच्या वह्या एकमेकांना दाखवायला लागले, त्यातून ब्युरो. आजची इक्विफॅक्स म्हणजे १८९९ साली अटलांटात सुरू झालेली रिटेल क्रेडिट कंपनी, ती विमा कंपन्यांसाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशा करून माणूस पितो का, घर कसं ठेवतो असलंही लिहून ठेवायची. आणि लहान गावांतून बऱ्याचदा ब्युरो आणि वसुली हे एकाच ऑफिसात चालायचं, पुढच्या टेबलावर रिपोर्ट आणि मागच्या टेबलावर वसुली. सिनेटर प्रॉक्समायर वगैरे मंडळींनी ६० च्या दशकाच्या शेवटी ह्या सगळ्याला लगाम घालायचं ठरवलं तेव्हा त्यांचा राग चुकीच्या माहितीवर आणि चोरून बघण्यावर होता, वसुलीवर नव्हता. म्हणून कायदा आला तेव्हा वसुली आतच राहिली. माझं मत विचाराल तर हे तर्काला धरूनच आहे, कर्ज द्यायच्या आधी बघता येतं आणि ते थकल्यावर बघता येत नाही असं केलं असतं तर बँकांनी आधीच हात आखडता घेतला असता, आणि त्याचा पहिला फटका आपल्यासारख्या नवीन आलेल्यांना, ज्यांची हिस्टरीच नाही त्यांना.

आता कलेक्शनवाला त्यात बघतो काय ते सांगतो, कारण लोकांना वाटतं तो स्कोअर बघून हसत बसतो. नाही. २००९ मध्ये, मंदीच्या ऐन भरात, माझ्यासमोर एका संध्याकाळी आलेली दोन खाती अजून आठवतात. दोघांची कार्डं थकलेली, रक्कम साधारण सारखीच. पहिल्याचा रिपोर्ट उघडला तर मॉर्टगेज (घराचं कर्ज) दर महिन्याला वेळेवर, चार महिन्यांपूर्वी नवीन गाडीचं लोन, बाकीची तीन कार्डं चोख. म्हणजे ह्याच्याकडे पैसे आहेत, हे एक कार्ड ह्याने रागाने किंवा विसरून सोडलंय. फोन पहिला ह्याला. दुसऱ्याचा उघडला तर मॉर्टगेज थकलेलं, दोन कार्डं चार्ज-ऑफ (बँकेने बुडीत धरलेली), हॉस्पिटलची बिलं कलेक्शनला, आणि तळाशी मागच्याच महिन्यात टाकलेली बँकरप्सी (दिवाळखोरीचा अर्ज). त्याला फोन केला असता तर आम्हीच गोत्यात आलो असतो, कारण बँकरप्सी टाकली की वसुली तिथल्या तिथे थांबवावी लागते. खातं बाजूला ठेवलं. म्हणजे तोच रिपोर्ट एकाच्या मागे लागायला कामाला आला आणि दुसऱ्याला आमच्यापासून वाचवायला. बाकी पत्ता, जुने पत्ते, फोन नंबर, नोकरी कुठे, हे तर बघतातच, धंद्यात त्याला स्किप ट्रेसिंग म्हणतात, पळालेल्याचा माग काढणं.

आणि तुमच्या प्रश्नातली खरी मेख पुढे आहे. ब्युरो कलेक्शनवाल्यांना ट्रिगर नावाची सोय विकतात. म्हणजे आमच्याकडे असलेली खाती त्यांच्याकडे देऊन ठेवायची आणि त्या माणसाच्या फाइलमध्ये हालचाल झाली की सिग्नल येतो. नवीन पत्ता आला, मोठं कार्ड एकदम फेडलं, नवीन लोनसाठी चौकशी झाली. वर्षानुवर्षं मेलेलं खातं, आणि एका सकाळी यादीत वर. ह्या माणसाने घरासाठी अप्लाय केलंय म्हणजे डाउन पेमेंटचे पैसे जमवलेत, आणि घर घ्यायचंय म्हणजे रिपोर्ट साफ करायची घाई पण आहे, फोन करायला ह्याहून चांगला दिवस नाही. इतक्या जणांनी मला विचारलंय की घराला अप्लाय केल्यावर आठवड्याभरात जुनं कर्ज कुठून उगवलं, तर ते असं उगवतं. तुम्ही प्री-अप्रूव्हल गेल्या महिन्यात घेतलंत म्हणताय. त्या इन्क्वायरीची तारीख बघा. प्री-अप्रूव्हलनंतर थोड्याच दिवसांची असेल तर माझी पैज आहे.

आता तुमची बाजू. परवानगी लागत नाही म्हणजे वाट्टेल तेव्हा वाट्टेल त्याचा रिपोर्ट काढता येतो असं नाही, अजिबात नाही. कलेक्शनवाल्याचा हक्क त्याचा स्वतःचा नसतोच, तो खात्याला चिकटलेला असतो. खातं मूळ बँकेचं, तुम्ही ते उघडलंत, कार्ड १८० दिवस थकलं की बँक ते चार्ज-ऑफ करते, मग एजन्सीकडे वसुलीला देते किंवा डॉलरमागे काही सेंट घेऊन कायमचं विकून टाकते. ज्याच्या हातात खातं, त्याच्या हातात रिपोर्ट बघायचं कारण. खातं हातातून गेलं की कारणही गेलं. त्यामुळे "मला न विचारता कसं बघितलं" हा प्रश्न घेऊन वकिलाकडे गेलात तर तो दोन मिनिटांत हात जोडेल. "माझं कुठलं खातं, ते क्रेडिटचं आहे का, आणि त्या तारखेला तुमच्याकडे होतं का" हे विचारलंत तर तो खुर्ची पुढे ओढेल.

ह्यातला मधला प्रश्न लोक विसरतात. सगळी देणी क्रेडिटची नसतात. कॅलिफोर्नियात एका बाईंची गाडी पोलिसांनी रजिस्ट्रेशन संपलेलं म्हणून उचलून नेली, टोइंगवाल्याने ती विकली, तरी पैसे पुरले नाहीत म्हणून बाकीची रक्कम कलेक्शनला दिली आणि एजन्सीने बाईंचा रिपोर्ट काढला. नवव्या सर्किटच्या, म्हणजे कॅलिफोर्निया ज्याखाली येतं त्या केंद्रीय अपील कोर्टाने २०१० मध्ये सांगितलं की बाई काही टोइंगवाल्याकडे उधारी मागायला गेल्या नव्हत्या, त्यांनी व्यवहार सुरूच केलेला नाही, मग हा क्रेडिटचा व्यवहार नव्हे आणि वसुली ह्या शब्दाखाली रिपोर्ट काढता येणार नाही. हा निकाल आला तेव्हा आमच्याकडे एक पूर्ण आठवडा सगळी खाती चाळण्यात गेला, कुठलं देणं कार्डाचं, कुठलं पार्किंगच्या दंडाचं, कुठलं टोलचं. दंड, टोल असल्या देण्यांवर रिपोर्ट काढायचा नाही असं आम्ही तेव्हापासून लिहूनच ठेवलं. हॉस्पिटलच्या बिलाबद्दल मात्र आशा लावून बसू नका, तिथे तुम्ही सेवा घेतलीत आणि पैसे नंतर द्यायचे ठरलं, हे बहुतेक ठिकाणी क्रेडिट म्हणूनच धरतात.

आणि आता आपल्या मराठी माणसांचा खास घोळ. आपलं नाव म्हणजे स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. लग्नानंतर बाईचं मधलं नाव नवऱ्याचं. इथल्या फॉर्मवर कुणी मधलं नाव पूर्ण लिहितो, कुणी एक अक्षर, कुणी पासपोर्टवरची दोन नावं जोडून पहिल्या रकान्यात कोंबतो. एकाच घरात बापाचं नाव मुलाच्या मधे, नवऱ्याचं बायकोच्या मधे, पत्ता सगळ्यांचा एक. वर पाटील, जोशी, कुलकर्णी, देशपांडे, इथल्या एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये तीन-तीन सापडतील. सोशल सिक्युरिटी नंबर (सरकारने दिलेला ओळख नंबर) असतो, पण विकत घेतलेल्या जुन्या खात्यांच्या फाइलमध्ये तो कधी अर्धवट असतो, कधी एखादा आकडा चुकलेला, आणि मग मशीन नाव आणि पत्त्यावरून जुळवतं. मी स्वतः असं बघितलंय की सासऱ्यांचं कार्ड थकलं, ते गावी परत गेले, आणि रिपोर्ट सुनेचा निघाला, कारण आडनाव तेच, घर तेच. आता वाईट बातमी अशी की चुकीच्या माणसाचा रिपोर्ट निघाला म्हणून एजन्सी आपोआप दोषी ठरत नाही, हे खातं ह्याच माणसाचं आहे असं मानायला त्यांच्याकडे सबळ कारण होतं का हे कोर्ट बघतं. पण तुम्ही लेखी कळवल्यावर, की बाबा हा मी नव्हे, त्यांनी परत काढला तर मग ते सबळ कारण कुठून आणणार?

आमच्याच एका कंपनीत (नाव नको) झालेली चूक सांगतो, मला अजून खुपते. दर महिन्याला सगळ्या खात्यांचे रिपोर्ट एका रात्रीत एकगठ्ठा निघायचे. एका बँकेने काही खाती परत मागून घेतली, त्यांची यादी शुक्रवारी आली, लोड करायची ती सोमवारी केली, आणि गठ्ठा निघाला शनिवारी. म्हणजे जी खाती आता आमची नाहीत त्यांचे रिपोर्ट आम्ही काढले. दोन दिवसांची चूक, पण कायद्याला दोन दिवस काय नि दोन वर्षं काय. त्यातल्या एका गृहस्थांनी तारखा जुळवून पत्र पाठवलं, वकिलाने सांगितलं मुकाट्याने मिटवा. जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने केलं असं ठरलं तर प्रत्यक्ष नुकसान दाखवता आलं नाही तरी १०० ते १,००० डॉलर, वर कोर्टाला वाटलं तर दंडात्मक रक्कम, आणि तुमच्या वकिलाची फी पण एजन्सीने भरायची. फीमुळेच वकील ह्या केसेस घेतात, नाहीतर हजार डॉलरसाठी कोण उभं राहणार. दावा लावायची मुदत कळल्यापासून दोन वर्षं, पण घटनेपासून पाच वर्षांच्या आत.

खोटं कारण सांगून रिपोर्ट काढणं तर गुन्हाच आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. हे मला एकदा आमच्या एका लांबच्या काकूंना फोनवर समजावायला लागलं होतं. मुलीसाठी टेक्ससचं स्थळ आलं होतं, "तुझ्या ऑफिसात सगळं दिसतं ना रे, मुलाच्या डोक्यावर कर्जबिर्ज किती आहे तेवढं बघून सांग की." म्हटलं काकू, मुलाचं कर्ज कळेल पण मला तुरुंगात डबा पाठवायला लागेल. अजून थोड्या रागावलेल्याच आहेत.

आता लोक काय काय करून बघतात आणि ते का चालत नाही. क्रेडिट फ्रीझ, म्हणजे ब्युरोला सांगून आपला रिपोर्ट कुलुपबंद करणं. २०१८ पासून फुकट आहे आणि जरूर ठेवा, पण तो नवीन खाती उघडणाऱ्यांसाठी, ज्यांच्याशी तुमचं खातं आहे किंवा होतं त्यांना आणि त्यांच्या वतीने वसुली करणाऱ्यांना फ्रीझमधून सूट आहे. प्री-स्क्रीन ऑफर (न मागता घरी येणाऱ्या कार्डांच्या ऑफर) बंद करायची नोंदणी, तिने फक्त टपालातला कचरा कमी होतो. आणि "माझ्याशी संपर्क करू नका" असं पत्र, ते १९७७ च्या फेअर डेट कलेक्शन प्रॅक्टिसेस ॲक्टखाली पाठवता येतं आणि फोन खरोखर थांबतात, पण रिपोर्ट बघणं म्हणजे तुमच्याशी संपर्क नव्हे, त्यामुळे ते चालूच राहतं. उलट फोन बंद झाल्यावर त्यांच्याकडे बघत राहणं किंवा केस टाकणं हेच उरतं, म्हणून ते पत्र रागाच्या भरात पाठवू नका.

भारतात काय, असं बरेच जण विचारतात म्हणून दोन ओळी. तिथे २००५ चा क्रेडिट इन्फॉर्मेशन कंपन्यांचा वेगळा कायदा आहे, सिबिल वगैरे चार कंपन्या त्याखाली येतात, आणि रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सांगितल्याप्रमाणे तुमचा रिपोर्ट कुणी संस्थेने उघडला की तुम्हाला एसएमएस किंवा ईमेल यायला हवा, तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. हे एसएमएसचं मला फार आवडलं, अमेरिकेत कलेक्शनवाल्याने बघितलं तर आपणहून कुणी कळवायला येत नाही, तुम्हीच जाऊन बघायचं.

तर तुम्ही आता काय करायचं. पहिलं म्हणजे घाबरू नका, कलेक्शनवाल्यांची इन्क्वायरी बहुतेक वेळा सॉफ्ट असते, ती फक्त तुमच्या स्वतःच्या प्रतीत दिसते, घराचं लोन देणाऱ्याला दिसत नाही आणि स्कोअर हलत नाही. हार्ड (लोन देणाऱ्यांना दिसणारी, स्कोअरवर परिणाम करणारी) म्हणून लागली असेल तर ती ब्युरोकडे डिस्प्यूट करा, म्हणजे चूक आहे म्हणून हरकत घ्या. खरी काळजी इन्क्वायरीची नाही, तिच्यामागे जे खातं आहे त्याची. ॲन्युअल क्रेडिट रिपोर्टच्या अधिकृत साइटवरून तिन्ही ब्युरोंचे रिपोर्ट काढा, फुकट मिळतात, आणि कलेक्शनचं खातं म्हणून काही लागलंय का बघा. मग एजन्सीला लेखी विचारा, कुठल्या खात्यासाठी, मूळ कर्ज कुणाचं, तुमच्याकडे कधी आलं. त्यांचं पहिलं पत्र येऊन ३० दिवस झाले नसतील तर त्या आतच डिस्प्यूट टाका, म्हणजे पुरावा दिल्याशिवाय त्यांना वसुली पुढे नेता येत नाही. पत्र जुन्या पत्त्यावर गेलं असेल ही शक्यता भरपूर, तुम्ही लोक दर दोन वर्षांनी अपार्टमेंट बदलता.

आणि एक, फोनवर "पन्नास डॉलर तरी भरा, सद्भावना म्हणून" असं म्हणाले तर लगेच कार्ड काढू नका. काही राज्यांत जुन्या देण्यावर थोडे पैसे भरले की तुमच्यावर दावा लावायची त्यांची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजतात. कॅलिफोर्नियात लेखी कराराची ही मुदत चार वर्षं, न्यू जर्सीत सहा, न्यू यॉर्कने ग्राहकांच्या क्रेडिटसाठी २०२२ मध्ये सहाची तीन केली. थकलेलं खातं रिपोर्टवर सात वर्षं दिसतं, हे वेगळं घड्याळ, ते पैसे भरल्याने मागे जात नाही, पण कलेक्टर दोन्ही एकच असल्यासारखं बोलतो. मला माहितीये, मी तसा बोलायचो.

तेव्हा आज रात्री एवढंच करा. इन्क्वायरीची तारीख आणि प्री-अप्रूव्हलची तारीख शेजारी शेजारी लिहा, आणि तिन्ही रिपोर्टवर सगळ्यात वर नावांचा रकाना असतो तो उघडून तुमच्या नावाची किती रूपं तिथे पडलीत ते बघा. त्यात वडिलांचं किंवा भावाचं नाव सुटं दिसलं, किंवा तुम्ही कधी राहिलाच नाहीत असा पत्ता दिसला, तर मग एजन्सीच्या आधी वकिलाला फोन करा.